रुईची गासडी आणि पाणी

श्रोतेहो, हें भाषण ऐकून झाल्यावर घरांत एक लहानसा प्रयोग अवश्य करून पाहा. एका भांड्यांत पाणी घेऊन त्यावर शेतांतल्या कापसाची चिमूटभर रुई टाका. ती खुशाल तरंगत राहील. मग औषधांच्या दुकानांतला धुतलेला कापूस टाका. तो क्षणभर डुलेल आणि तळाशीं जाईल. दोन्ही एकाच झाडाचे तंतू; मग वागणें निराळें कां?

कापसाचा तंतू स्वतः पाण्याहून सुमारें दीडपट जड आहे. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारूं शकली तरच तरंगते, आणि निव्वळ तंतूला तें साधत नाहीं. रुईला तारते ती तिच्यांत कोंडलेली हवा. कच्च्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. तो पाण्याला आंत शिरूं देत नाहीं. क्षारांत उकळून तो काढला, कीं पाणी आंत, हवा बाहेर, आणि कापूस तळाशीं!

ह्याच हवेनें वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांना एके काळीं फार सतावलें. आगगाडी येण्यापूर्वीं इथला कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापुरास जाई आणि तेथून गंगेवरील होड्यांतून कलकत्त्याकडे. पेस्तनजी व विकाजी ह्या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५-२६ च्या सुमारास मुंबईकडे माल पाठविला, तोहि पांचशें बैलांवर लादून. बैलाची पाठ लवकर भरे, पण वजन थोडेंच जाई. जहाजावर तर हलक्या मालाचें भाडें वजनावर नव्हे, त्यानें अडविलेल्या जागेवर घेत. म्हणजे व्यापारी रुईबरोबर वऱ्हाडच्या हवेचेंहि भाडें भरीत होता म्हणाना!

उपाय एकच: दाबणें. स्क्रूचे दाब आले, पुढें वाफेचे प्रेस आले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या फांट्याचें उद्घाटन खुद्द लॉर्ड मेयो ह्यांनीं केलें. पुढच्याच वर्षीं बडनेऱ्याहून अमरावतीचा फांटा सुरू झाला. अकोला, अमरावती, खामगांव येथें जिनांची व प्रेसांची धुराडीं दिसूं लागलीं. मुंबईची पूर्ण दाबाची गासडी ३९२ रत्तलांची. दोन गासड्यांची एक खंडी.

आतां गासडी नदींत पडली तर काय होईल? दाबल्यानें वजन तिळभरहि वाढत नाहीं. घटतो तो केवळ आकार. तेव्हां सैल ढीग जिथें पाण्याच्या वरवर राहील, तिथें गासडी खोल बसेल. पण बुडणार नाहीं. आजची १७० किलोची गासडी घ्या. तिच्या एका घनमीटरांत सुमारें साडेचारशें किलो माल मावतो, आणि पाणी तर एक हजार किलो असतें. एवढ्या प्रचंड दाबाखालून निघालेल्या गासडींतहि जवळजवळ सत्तर टक्के हवाच उरते! हा हिशेब प्रथम केला तेव्हां मला स्वतःलाहि तो चुकला असें वाटलें होतें. पाणी मुरत गेलें, कीं मात्र ती हळूहळू खालीं जाते.

हवेचा प्रश्न यंत्रानें सोडविला. पाण्याचा सुटला नाहीं. हवेला वजन जवळजवळ नाहीं, पाण्याला आहे. जहाजाचें भाडें हवेनें वाढे, बाजारांतलें माप पाण्यानें. कापूस ओला करून वजन वाढविणें ही जुनी लबाडी. मुंबई इलाख्यांत भेसळीविरुद्ध १८६३ सालीं कायदाच करावा लागला. आणि उलट दिशेनें, प्रामाणिक शेतकऱ्याच्या कोरड्या मालालाहि ओला म्हणून काट लावणें ही दलालाची सोय! ह्या दोहोंमध्यें न्याय करावयाचा तर बाजाराला नियम हवे. हिंदुस्थानांतला पहिला नियंत्रित कापूस-बाजार १८८६ सालीं कारंजास, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यांत, भरला. वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा १८९७ चा.

भांडण अजून तेंच आहे, मोजण्याचें साधन तेवढें बदललें. सरकारी हमीभावाच्या खरेदींत ८ टक्के ओलावा हा आधार धरतात. त्यापुढें भाव कापतात आणि १२ टक्क्यांहून ओला माल परत करतात. दिवाळीच्या सुमारास अवेळीं पाऊस झाला, तर अकोल्याच्या शेतकऱ्याला घरांतल्या एकुलत्या एका कोरड्या खोलींत कापूस पसरावा लागतो, आणि माणसें ओसरीवर निजतात.