परका आरोपी आणि न्यायालयातील दुभाषी

आपल्यावर ठेवलेल्या आरोपाचा एक शब्दही ज्याला कळत नाही, त्याचा न्याय कसा करावयाचा? वरवर पाहता हा प्रश्न परदेशी खलाशांपुरताच वाटतो. आमच्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यात तर ‘परदेशी’ म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून आलेला गृहस्थ; समुद्रापलीकडचा आरोपी कोराडीसारख्या गावी कोणाच्या स्वप्नातही आला नसता. तथापि या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास तो थेट आपल्या दाराशी येऊन पोहोचतो.

1854 साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले व न्यायासनावर इंग्रज अधिकारी येऊन बसले. आरोपी येथलाच, साक्षीदारही येथलेच. परका होता तो न्यायाधीश! साहेब लोक देशी भाषेची परीक्षा देत, हे खरे. परंतु परीक्षेतील मराठी निराळी आणि भेदरलेल्या साक्षीदाराच्या तोंडची निराळी. 1898 च्या फौजदारी संहितेतील 361 व्या कलमाने असे ठरविले होते की, आरोपीस न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाल्यास ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. खुद्द इंग्लंडात हा नियम वरिष्ठ न्यायालयाने ठामपणे सांगितला तो 1915 साली, ली कुन नावाच्या चिनी आरोपीच्या खटल्यात. त्यात लॉर्ड रीडिंग यांनी तत्त्व मान्य केले. ली कुनचे अपील मात्र फेटाळले गेले.

आरोपीच्या कानांची सोय कलमाने झाली. न्याय करणाऱ्यांच्या कानांचे काय? 1908 च्या जुलैत मुंबईस लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर; ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी. आरोपीस इंग्रजी उत्तम येत होते. ‘केसरी’चे मराठी पंचांना येत नव्हते. सारा खटला भाषांतरावर उभा होता. टिळकांनी स्वतःच सरकारी भाषांतरखात्यातील श्री. भास्कर विष्णु जोशी यांची उलटतपासणी घेतली आणि शब्दाशब्दावरून त्यांना छेडले. निकाल सातास दोन या मतांनी विरुद्ध गेला व सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुभाष्याच्या एका शब्दावर किती भार पडतो, हे या खटल्याइतके स्पष्ट मला अन्यत्र आढळले नाही.

स्वातंत्र्यानंतर ते जुने कलम 1973 च्या संहितेत 279 वे झाले आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 314 वे आहे. दुभाष्याने खरे तेच सांगावे, असेही वेगळे कलम आहे. शिवाय दुभाषी विनामूल्य मिळावा असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 साली सामील झाला. राज्यघटनेचे 21 वे कलमही नागरिकापुरते नाही. ते ‘व्यक्ती’ असे म्हणते.

आता भूमिका उलटल्या आहेत. 1999 साली ‘अलोंड्रा रेनबो’ या जपानी मालकीच्या जहाजावरील 15 इंडोनेशियन आरोपी मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले. त्यांना 2003 साली शिक्षा झाली, 2005 साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. 2011 च्या पहिल्या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने सुमारे 120 सोमाली चाचे पकडून आणले. त्यांपैकी ‘प्रांतले-14’ या बोटीवरील पंधरा जणांना सात वर्षांची शिक्षा झाली ती 2017 साली. श्रोतेहो, त्या बोटीवरील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आरोपी सोमाली, सुटका झालेले खलाशी थायलंड व ब्रह्मदेशचे, न्यायालयाची भाषा इंग्रजी व मराठी. अशा प्रकरणी थाई साक्षीदाराचे बोलणे आधी न्यायालयाच्या भाषेत यावयाचे, मग तेथून सोमालीत जावयाचे. दोन ठिकाणी दोन माणसे मध्ये उभी, आणि दोघेही विश्वासू हवेत.

टिळकांना दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून ते भाषांतरकारास पकडू शकले. सोमाली कोळ्यास ते साधणारे नाही. आपल्या वतीने काय सांगितले गेले हे त्यास कधीच पडताळता येत नाही. त्याच्या वकिलासही सोमाली येत नाही, न्यायाधीशासही नाही. 2024 च्या मार्चमध्ये ‘रुएन’ जहाजावरील आणखी 35 सोमाली आरोपी मुंबई पोलिसांच्या हवाली करण्यात आले. त्यांच्या शेजारी उभा राहणारा दुभाषी चुकला, तर ती चूक ओळखू शकणारा दुसरा मनुष्य त्या दालनात असावयास हवा. आणि तशी तरतूद कोणत्याही कलमात स्वतंत्रपणे लिहिलेली मला आढळली नाही.