चोखोबांच्या समाधीपाशी

सोलापुरात आयुष्य गेले, तरी पंढरपुराला जाण्याचा योग आला तो साठी उलटल्यावर. अंतर जेमतेम 70 किलोमीटर. मार्गशीर्षातल्या एका बुधवारी, म्हणजे आपल्या आगमनकाळातच, सकाळच्या एसटीने एकटाच निघालो. घरी सांगितले की, जुने शिलालेख पाहून येतो. खरे कारण निराळे होते. आमचे पणजोबा मंगळवेढ्याकडचे, महार समाजातले. ते दर आषाढीला पायी पंढरीस जात आणि महाद्वाराबाहेरूनच हात जोडून परतत, असे आजी सांगत असे. घरात बाप्तिस्मा आला तो त्यांच्या पुढच्या पिढीत. पणजोबा जिथे थांबत, ती जागा मला पाहायची होती.

शिलालेखांचे निमित्त अगदीच खोटे नव्हते म्हणा. होयसळ राजा सोमेश्वराने 1237 मध्ये विठ्ठलाच्या नैवेद्यासाठी गाव दान दिल्याची नोंद दगडावर आहे. ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिळेवर 1273 पासूनच्या देणगीदारांची नावे आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा, म्हणून भाविक त्या शिळेला पाठ घाशीत.

पण ज्यांना आत येऊन पाठ घासण्याचीही मुभा नव्हती, त्यांचे काय?

महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, रस्त्यालगत, चोखोबांची समाधी. चोखामेळा हे मंगळवेढ्याचे. 1338 मध्ये तेथील गावकूस बांधत असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांसह तेही गाडले गेले. ढिगाऱ्यातील ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी खूण पटवून नामदेवांनी ती इथे आणली, असे परंपरा सांगते. कथा हृद्य आहे. तरीही मनात येते, नामदेवांसारख्या सख्यानेही त्यांना उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवावे लागले. चोखोबांचा पुत्र कर्ममेळा याच्या अभंगांत देवाशी जे कडवट भांडण आहे, ते इथे उभे राहिल्यावर अधिक कळते.

ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण आरंभिले. ते 10 मे रोजी सुटले. देशाचे स्वातंत्र्य तेव्हा अवघ्या तीन महिन्यांवर आले होते. चोखोबांच्या मृत्यूला मात्र सहाशे वर्षे उलटून गेली होती. आमचे पणजोबा तोवर हयात नव्हते.

आपण ख्रिस्ती वाचकांनी हे परक्या घरचे दुखणे म्हणून वाचू नये. तामिळनाडूत वडक्कनकुळम येथील कॅथलिक चर्चमध्ये जातीजातींना अलग बसविणारी भिंत होती. ती पाडली गेली 1910 मध्ये. एकाच वेदीवरील एकच ख्रिस्तप्रसाद, आणि मध्ये भिंत! आपल्या घरांतील सोयरिकींच्या बोलण्यांत ती भिंत अजून कुठे कुठे उभी असते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

फ्रान्सहून आलेले येशूसंघीय फादर देल्युरी वारकऱ्यांबरोबर पायी चालले होते. विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी धर्मगुरूला जी वाट चालावीशी वाटली, तिच्यापासून अवघ्या दोन तासांवर राहणारा मी इतकी वर्षे दूर राहिलो.

आत जाण्यास आता मला कोणी अडवले नसते. तरीही रांगेत उभा राहिलो नाही. केवळ कुतूहलापोटी दुसऱ्याच्या देवासमोर उभे राहणे मला बरे वाटेना. समाधीशेजारी बाजूला उभा राहून पणजोबांसाठी मनात ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटले. एक म्हातारी समाधीवर डोके टेकवून उठली आणि तिने माझ्या कपाळाला बुक्का लावण्यासाठी हात पुढे केला. मी मान खाली केली.

दुपारी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन परतीची एसटी धरली. बुक्का मोहोळपर्यंत पुसला नाही.