लिंकर म्हणजे काय? प्रोग्रामच्या फाइलमध्ये कोणती गोष्ट कुठे बसते, हे कोण ठरवतं?

सी किंवा सी++ शिकणाऱ्यांना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हा एरर कधी ना कधी भेटतोच. कोडच्या व्याकरणात चूक नसते, कंपायलरची काही तक्रार नसते, तरीही प्रोग्राम तयार होत नाही. कारण हा एरर कंपायलरचा नसून लिंकरचा असतो.

सिम्बॉलची जुळणी कशी होते?

कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलची वेगळी ऑब्जेक्ट फाइल बनवतो. समजा, एका फाइलमधल्या कोडने दुसऱ्या फाइलमधलं 'बेरीज' हे फंक्शन वापरलं आहे. ते फंक्शन मेमरीत कुठे असेल, हे कंपायलरला माहीत नसतं. म्हणून तो पत्त्याची जागा मोकळी सोडतो आणि 'बेरीज हवं आहे' अशी नोंद सिम्बॉल टेबलमध्ये करतो. दुसऱ्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये 'बेरीज इथे आहे' अशी नोंद असते.

लिंकर या नोंदी जुळवतो. हवं असलेलं नाव कुठेच सापडलं नाही, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. एकच फंक्शन दोन फाइल्समध्ये लिहिलेलं असेल, तर 'मल्टिपल डेफिनिशन'.

सेक्शन कोणकोणते असतात?

लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ईएलएफ या फाइल प्रकारात चार सेक्शन महत्त्वाचे आहेत:

- टेक्स्ट: प्रोग्रामच्या सूचना
- आरओडेटा: न बदलणारी माहिती, उदा. अवतरणचिन्हांतला मजकूर
- डेटा: सुरुवातीची किंमत दिलेले ग्लोबल व्हेरिएबल
- बीएसएस: शून्यापासून सुरू होणारे ग्लोबल व्हेरिएबल

लिंकर सगळ्या फाइल्समधले एकाच नावाचे सेक्शन एकत्र करतो, त्यांचे पत्ते ठरवतो आणि मग मोकळ्या सोडलेल्या जागा भरतो. या शेवटच्या कामाला रिलोकेशन म्हणतात. शेअर्ड लायब्ररीतल्या फंक्शनचे पत्ते मात्र प्रोग्राम चालवताना डायनॅमिक लिंकर भरतो.

या मांडणीने काय फरक पडतो?

पहिला फरक फाइलच्या आकारात. १० लाख पूर्णांकांचा ग्लोबल ॲरे शून्यांनी भरलेला असेल, तर तो बीएसएसमध्ये जातो. फाइलमध्ये फक्त त्याच्या आकाराची नोंद राहते. त्यातल्या एकाच घटकाला १ ही किंमत दिली, तर अख्खा ॲरे डेटा सेक्शनमध्ये जातो आणि फाइल सुमारे ४ एमबीने वाढते, कारण एक पूर्णांक सहसा ४ बाइटचा असतो.

दुसरा फरक सुरक्षेत. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक भागाला वेगळी परवानगी देते. टेक्स्टमधल्या सूचना चालवता येतात, पण बदलता येत नाहीत. डेटा बदलता येतो, पण सूचना म्हणून चालवता येत नाही. त्यामुळे हल्लेखोराने डेटाच्या जागी स्वतःचा कोड घुसवला, तरी तो थेट चालत नाही.

एरर आला तर काय तपासावं?

आधी नावाचं स्पेलिंग पाहा. मग ती फाइल लिंक करताना दिली आहे का, ते पाहा. लायब्ररी वापरत असाल, तर कमांडमध्ये तिचं नाव तुमच्या फाइल्सनंतर लिहा. 'एनएम' या कमांडने कोणत्या फाइलमध्ये कोणतं सिम्बॉल आहे, हेही दिसतं. नावापुढे इंग्रजी 'यू' हे अक्षर असेल, तर ते सिम्बॉल त्या फाइलला बाहेरून हवं आहे, असं समजावं.