वेतन, मानधन आणि शासनाची शिरगणती

राज्य शासनाच्या सेवेत किती माणसे आहेत, हा प्रश्न वरकरणी अंकगणिताचा वाटतो. वस्तुतः तो आधी शब्दार्थाचा प्रश्न आहे. मोजण्यापूर्वी 'कर्मचारी' कोणास म्हणावयाचे हे ठरवावे लागते, आणि हे ठरविण्याचा इतिहास हा आकड्यांच्या इतिहासाइतकाच बोलका आहे, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात या मोजणीस कायद्याचा आधार मिळाला तो १९५९ च्या सेवायोजन कार्यालयविषयक कायद्याने. सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आस्थापनांनी आणि पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनी दर तिमाहीस विवरणपत्र द्यावे, अशी ती व्यवस्था होती. या विवरणांनुसार देशातील सार्वजनिक क्षेत्रातील रोजगार १९९७ साली १९५.५९ लाखांवर पोहोचला. २०१२ साली तो १७६.०९ लाखांपर्यंत उतरला होता. उदारीकरणानंतर राज्यसंस्था आक्रसली, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे.

महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालय शासकीय कर्मचाऱ्यांचा 'सर्वंकष माहितीकोष' १ जुलै या संदर्भ दिनांकास अनुसरून तयार करते. तेथे पदे मंजूर असतात, भरलेली असतात किंवा रिक्त असतात. रिक्त पद म्हणजे ज्याची गरज शासनाने स्वतःच मान्य केली आहे, परंतु जेथे माणूस नाही, अशी जागा. २०२२ साली राज्य शासनाने ७५,००० पदांच्या भरतीची घोषणा केली, तीत या रकान्याची कबुलीच होती. मात्र रिक्त पदाचे काम थांबलेले नसते. ते कोणीतरी करीत असते. ते कोणाच्या नावावर आणि कोणत्या शब्दाखाली, एवढाच प्रश्न उरतो.

तो शब्द बहुधा 'मानधन' हा असतो. संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. प्रशासकीय मराठीत तो देणाऱ्याच्या सोयीचा शब्द झाला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका मानसेवी ठरली. २००० साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाच्या सेवेची पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर गेली. आमच्या महाविद्यालयीन क्षेत्रात तासिका तत्त्वावरील अध्यापक याच वाटेचे प्रवासी. वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, उत्तरपत्रिकाही त्याच. परंतु मंजूर पदांच्या तक्त्यात त्यांना जागा नाही.

न्यायालयांनाही हा शब्द सोडवावा लागला. २००६ साली कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे, असा निर्णय दिला. २०२२ साली गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविकांना उपदान देय असल्याचे सांगताना, त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय, असे मानले. काम बदलले नव्हते. शब्दाचा अर्थ तेवढा बदलला, आणि त्यासरशी वृद्धापकाळातील एक आधार हाती आला.

तक्त्यात जागा मिळालेल्यांचीही एकच जात राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले; मार्च २०२३ मधील संप त्या रेषेविरुद्ध होता. त्याच वर्षी बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांच्या रोषापुढे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. पहिला संघर्ष गणतीच्या आतल्यांचा, दुसरा गणतीबाहेर ढकलले जाण्याची भीती असलेल्यांचा. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: शासन आपला माणूस म्हणून कोणास ओळखते?

म्हणून सार्वजनिक रोजगाराचा तक्ता वाचताना केवळ वर्षागणिक चढउतार पाहून भागणार नाही. रकान्यांची शीर्षके वाचली पाहिजेत, आणि जी शीर्षके तेथे नाहीत त्यांचीही विचारणा केली पाहिजे. मंजूर, भरलेली, रिक्त यांच्या शेजारी कंत्राटी, मानसेवी आणि तासिका तत्त्वावरील असे रकाने दर वर्षी छापले गेले, तर राज्यसंस्था खरोखर आक्रसली की तिने आपली माणसे दुसऱ्या नावाने कामास लावली, याचे उत्तर देता येईल. शब्दांच्या अर्थांकडे लक्ष देणे हे आम्हां भाषेच्या अध्यापकांचे नेहमीचेच काम आहे. ते या तक्त्यांपाशी येऊन थांबण्याचे कारण नाही.