रिकाम्या बाटलीचा इतिहास

कुंभकोणम् हे गाव भांड्याच्या नावाने ओळखले जाते. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे अमृतासह एका कुंभात घालून तो पाण्यावर सोडला, तो तरंगत येथे येऊन टेकला, आणि किराताच्या वेषातील शंकराने बाण मारून तो फोडला, अशी येथील कुंभेश्वराच्या देवळाची कथा आहे. गावाचा लौकिकही भांड्यांचाच. पितळेचे आणि काशाचे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असून येथील कॉफी ज्या पितळी डबऱ्यातून आणि पेल्यातून पितात त्यांची कीर्ती कॉफीइतकीच मोठी आहे. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १६७६ च्या सुमारास सुरू झाले व १८५५ साली संपले. त्या राज्याबरोबर कावेरीकाठी आलेल्या मराठी घराण्यांच्या स्वयंपाकघरांतही हीच भांडी लखलखत आली. बडोद्याचे प्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव हे अशाच एका घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला.

अशा गावात राहून आम्ही बाटलीवर, आणि तीही रिकाम्या बाटलीवर, लिहावयास बसलो आहो, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु कचेरीतून घरी परतताना ज्या गल्लीतून आमचा रस्ता जातो, तेथे जुन्या बाटल्यांची एक वखार आहे. गोणपाटाच्या पोत्यांत बिअरच्या, औषधांच्या, सरबताच्या बाटल्या जातवारीने लावलेल्या असतात, आणि मागच्या अंगणात दोघी-तिघी बायका हौदाशी बसून त्या धूत असतात. पितळेच्या भांड्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. या पोत्यांचा इतिहास कोणी लिहावयाचा, असा प्रश्न पडला आणि आम्ही जमेल तेवढी माहिती गोळा करू लागलो.

बाटली मुळात आपली नव्हे, हे तिच्या नावावरूनच दिसते. कुपी संस्कृत, तीच तमिळमध्ये कुप्पी झाली. शिशी फारसीतून आली. बाटली मात्र युरोपीयांच्या जहाजांतून उतरली. काच आपल्याकडे होती, पण ती मुख्यतः बांगड्यांची, मण्यांची आणि अत्तर-गुलाबपाण्याच्या लहानमोठ्या कुप्यांची. जाड, गडद, दाब सोसणारी, एकसारख्या मापाची बाटली येथे होत नसे. ती भरलेली येई आणि येथे रिकामी होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मद्रास, मुंबई, कलकत्ता येथे येऊ लागली. तिचा बराच भाग पिंपांतून येई व येथे उतरल्यावर बाटल्यांत भरला जाई. म्हणजे पिंप आले तरी बाटली येथेच शोधावी लागे. साहेबाच्या बंगल्यातील बटलर रिकाम्या बाटल्या विकून चार पैसे करी, ते याचमुळे. त्या बाटल्यांत पुढे तेल भरले जाई, तूप भरले जाई, काढे आणि आसवे भरली जात. जहाजातून आलेल्या दारूचे आयुष्य एका संध्याकाळचे, पण तिच्या बाटलीचे आयुष्य तेथून सुरू होई.

या व्यापाराने मुंबईत एक मोठा माणूस घडविला. सर जमशेटजी जिजीभाई यांचा जन्म १७८३ साली झाला. पोरके झाल्यावर ते मामांकडे राहिले. हे मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. रिकाम्या बाटल्यांचा व्यापार हा त्यांचा धंदा आणि तेच त्यांचे आडनाव. जमशेटजींनी उमेदवारी केली ती येथे, आणि प्रारंभी ते स्वतःही बाटलीवाला म्हणूनच ओळखले जात. पुढे चीनच्या व्यापारात, त्यात अफूच्याही, त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. १८४२ साली त्यांना नाइट व १८५७ साली बॅरोनेट करण्यात आले, आणि त्यांच्या दानातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. चरित्रकार बाटल्यांचे प्रकरण दोन ओळींत आटोपतात. आम्हांस वाटते, तेथे थोडे थांबावयास हवे. एखाद्या शहरात दुसऱ्याने पिऊन टाकलेल्या बाटल्यांवर एक कुटुंब सुस्थितीत राहू शकते, याचा अर्थ त्या शहरात रिकाम्या बाटलीस खरोखरच मोल होते.

आता बाटली धुण्याविषयी. हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि त्याचे नियम ज्यांनी सर्वांत बारकाईने मांडले ते लोक म्हणजे परदेशात घरच्या घरी बिअर करणारे हौशी गृहस्थ. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यास परवाना लागे, तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन १९७९ पासून ही मुभा मिळाली. तेव्हापासून तेथे असंख्य घरांत हा उद्योग चालतो. (तमिळनाडूत १९३७ चा दारूबंदी कायदा अद्यापि पुस्तकात असल्यामुळे येथे कोणी हा प्रयोग करू नये, हे आम्ही सरकारी नोकर या नात्याने सांगून ठेवतो.) हे लोक मित्रांकडून, खानावळींतून जुन्या बाटल्या जमवितात. बाटली तपकिरी हवी, कारण पांढऱ्या वा हिरव्या काचेतून प्रकाश आत जाऊन बिअरला दुर्गंधी येते. तोंड पत्र्याच्या बुचाचे हवे. हे बूच बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली काढले. मग बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावयाच्या. सकाळी चिठ्ठी आपोआप सुटते, आतील वाळलेला साका लांब दांड्याच्या ब्रशाने निघतो. नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून एकेक बाटली उजेडासमोर धरावयाची. काठ टवकलेली किंवा तळाशी धूसर कडे राहिलेली बाटली बाद.

येथवर झाले ते धुणे. परंतु हे जाणकार येथे थांबत नाहीत. बाटली डोळ्यांस स्वच्छ दिसली तरी ती शुद्ध नव्हे, असे ते मानतात. भरण्याच्या आधी ती पुन्हा उकळत्या पाण्याने, भट्टीच्या उष्णतेने किंवा सौम्य रसायनाने निर्जंतुक करतात. न दिसणारे चार जंतू आत राहिले तर ते उरलेली साखर खात राहतात, वायूचा दाब वाढत जातो, आणि एखाद्या रात्री माळ्यावरची बाटली फुटते. हे ज्ञान तसे जुने नाही. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा.

हा भेद वाचताना आम्हांस आमच्या आजीच्या पिढीतील स्वयंपाकघराची आठवण झाली. तेथेही धुतलेले वेगळे आणि सोवळ्यातले वेगळे असे. डोळ्यांस न दिसणाऱ्या मलाची कल्पना तेथे होतीच, फक्त तो मल कोणता याविषयी मत निराळे होते. धर्मशास्त्रकारांनी कोणते पात्र कशाने शुद्ध होते ते सविस्तर सांगितले आहे. काशाला राख, तांब्याला आंबट, सोन्याला नुसते पाणी. कुंभकोणम् येथील बायका तांब्यापितळेचे भांडे आजही चिंचेने घासतात. या यादीत काचेच्या बाटलीला जागा कोठून असणार? ती आली तेव्हा साहेबाची दारू पोटात घेऊन आली. तरीही औषधाला, तुपाला, गुलाबपाण्याला ती घराघरांत शिरली, आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण सोयीइतकेच तिच्या अंगात होते: काच काही शोषून घेत नाही, क्षार आणि गरम पाणी मिळाले की तिच्यात कालचा वासही उरत नाही. मातीचे भांडे उष्टे झाले की टाकावे लागे, बाटली धुऊन ठेवता येई.

या सामाजिक प्रश्नाची खरी कसोटी सोडावॉटरने पाहिली. इंग्लंडमधील हिरम कॉड याने १८७२ साली एका नव्या बाटलीचे पेटंट घेतले. गळ्यात काचेची गोटी, तिच्यावर रबराचे वेटोळे. वायूच्या दाबाने गोटी वर दाबली जाऊन तोंड बंद होते. इंग्लंडात ही बाटली केव्हाच नाहीशी झाली. आपल्याकडे मात्र ती टिकली. आपण तिला गोटीसोडा म्हणतो, येथे तिला गोलीसोडा म्हणतात. आणि गुलाबपाण्याच्या वासाचा पन्नीर सोडा ही तर या मुलखाची खास आवड. या बाटलीचा विशेष असा की ती दुसऱ्या कोणत्याही कामास उपयोगी पडत नाही. म्हणून ती कोणी पळवीत नाही, ती कारखानदाराकडे परत जाते, आणि पुन्हा भरली जाते. (गोटीसाठी बाटली फोडणारी मुले सोडून.) धुण्यास मात्र ती सर्वांत अवघड. गोटी आत खुळखुळत असते, गळा आवळलेला असतो, ब्रश नीट फिरत नाही, रबराच्या वेटोळ्याखाली मळ साचतो. सोड्याचे पाणी भरून बाटली जोराने हालवावी, उलटी करावी, पुन्हा भरावी. असे तीनचार वेळा केल्यावाचून ती निर्मळ होत नाही.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला म्हणून टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्यांवर केवढे किटाळ आले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मिशनच्या कपाने धर्म बुडतो असे मानणाऱ्या त्याच काळात सोड्याची बाटली गावोगाव पसरत होती. ती कोणी भरली, कोणी धुतली, कोणाच्या हातची, हे पिणाऱ्यास दिसत नव्हते. शिवाय दक्षिणेत पेला ओठास न लावता वरून पिण्याची रीत आहे, त्यामुळे उष्ट्याचाही प्रश्न मिटे. याच प्रांतात रेल्वे स्थानकांवरील उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी वेगळी जागा असे, आणि ती चाल पेरियार रामस्वामी नायकर यांच्या पक्षाच्या चळवळीनंतर १९४१ साली बंद झाली. ज्या फलाटावर जेवणाची पंगत निराळी होती, त्याच फलाटावरचा सोडा सगळ्यांस एक होता. याला सुधारणा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. धुणारे हात दृष्टीआड होते, म्हणून ते चालून गेले. हौदाशी बसलेल्या बाईला पाहून तिच्या हातचे पाणी पिण्यास जो तयार नव्हता, तोच तिने धुतलेल्या बाटलीतून सोडा पीत होता.

बाटली येथेच करावी, हा विचार स्वदेशीच्या चळवळीबरोबर आला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले तज्ज्ञ. हा कारखाना शाळाही होता. तेथे शिकलेली माणसे पुढे देशभर काचेच्या उद्योगात गेली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, त्याचा प्रभाकर कंदील घरोघर लागला. पहिल्या महायुद्धाने परदेशी काचेची आवक तोडली तेव्हा या कारखान्यांचे महत्त्व लोकांस कळले. त्याच १९१६ साली विरुदुनगर येथे पळनिअप्पा नाडार यांनी कालीमार्क सोड्याचा धंदा सुरू केला, आणि तो आजही चालू आहे. परंतु नवी बाटली येथे होऊ लागली तरी जुनीचा बाजार उठला नाही. धुतलेली जुनी बाटली नवीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. हे गणित स्वदेशीनेही बदलले नाही.

ते गणित काही काळ बिघडविले दारूबंदीने. राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, आणि १९४८ पर्यंत ती साऱ्या मद्रास प्रांतात पसरली. आता बिअरची रिकामी बाटली म्हणजे पुरावा. कुंभकोणम्पासून पन्नासएक किलोमीटरवर कारैकाल; तेथे १९५४ पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता आणि ही बंदी नव्हती. सरहद्दीच्या इतक्या जवळच्या गावात कोणाच्या परसात कोणती बाटली सापडते, याला किती अर्थ येत असेल, ते वाचकांनीच ताडावे. पुढे १९७१ साली बंदी शिथिल झाली, १९७४ साली पुन्हा आली, १९८१ साली उठली. १९८३ साली सरकारी महामंडळ निघाले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती आहे. म्हणजे आज या राज्यात रिकाम्या होणाऱ्या दारूच्या बहुतेक वैध बाटल्या सरकारच्या दुकानातून आलेल्या असतात.

तिचे मोल किती, हे २०२१ साली दिसून आले. भारतीय स्पर्धा आयोगाने बिअरच्या मोठ्या कंपन्यांनी संगनमताने भाव ठरविल्याबद्दल एकूण सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड केला. त्या निकालात जुन्या बाटल्यांच्या खरेदीबाबत दोन कंपन्यांनी आपसांत केलेल्या संधानाचाही उल्लेख आहे. फ्रामजी बाटलीवाल्यांना हे वाचून आश्चर्य वाटले नसते. कंपन्या आता काचेवर आपले नाव उठवून घेतात, आणि एकाच्या नावाच्या बाटलीत दुसऱ्याने बिअर भरली म्हणून कोर्टात जातात. आमच्या गल्लीतल्या वखारीत ती नावे बोटांनी चाचपून बाटल्या वेगळ्या काढतात. इंग्रजी वाचता येत नाही, पण बोटांना अक्षर कळते.

दुसरीकडे प्लॅस्टिकच्या बाटलीने सोड्याच्या बाटलीला हटविले आहे. साधे प्लॅस्टिक कढत पाण्यात टिकत नाही, म्हणून ते सहसा धुऊन पुन्हा भरले जात नाही; पुष्कळदा कचऱ्यात जाते. आणि फुटलेली काच रानात पडते ती वेगळीच. नीलगिरीच्या जंगलात हत्तींच्या आणि इतर जनावरांच्या पायांत बाटल्यांच्या काचा रुतू लागल्या तेव्हा प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे गेले. त्यानंतर २०२२ साली नीलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानांत नवा नियम आला: बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यावयाचे, आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत द्यावयाचे. पुढे ही योजना टप्प्याटप्प्याने आणखी जिल्ह्यांत नेण्यात आली.

दुकानांतील नोकरांच्या संघटनांनी मात्र तिला विरोध केला आहे. बाटल्या ठेवण्यास जागा नाही, माणसे अपुरी, आणि लोकांच्या उष्ट्या बाटल्या आम्हीच का हाताळावयाच्या, असा त्यांचा प्रश्न आहे. या कामास वेगळी माणसे नेमावीत, अशी त्यांची मागणी आहे.