राजीनाम्याआधीचा अवकाश

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९२१ पासून ते संततिनियमनाचा उघड प्रचार करू लागले. प्रचार थांबवा अथवा नोकरी सोडा, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. अन्याय झाला खरा. परंतु तो तोंडावर झाला. आपले उत्तर ठरविण्याचा अवकाश त्यांना मिळाला.

पुढील वर्षाचे वेळापत्रक आखताना आम्हांला हे आठवते. तासिका तत्त्वावरील एका सहकाऱ्याचे नाव त्यात नसते. आम्हांला ते ठाऊक असते, त्यांना नसते, आणि ते सहज म्हणतात, “जूनमध्ये भेटूच.”

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन देण्याची तरतूद आली. मात्र शिक्षक हे त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरविले.

कायदा जेथे थांबतो तेथे सहकाऱ्याचे कर्तव्य सुरू होते. गुपित फोडावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्राचार्यांना ‘त्यांना आजच सांगा’ असा आग्रह करता येतो. निदान खोटा दिलासा न देणे तरी आपल्या हाती असते. आम्ही मात्र एकदा “भेटूच” म्हणून गेलो. तो शब्द अजून सलतो.