मुट्टप्पदी

मुट्टप्पदी : अय्यावळी धर्माचे समुद्रकाठचे पवित्र स्थान. तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात, कन्याकुमारी गावाजवळ. अय्यावळींच्या पाच प्रमुख स्थानांना ‘पंचपदी’ म्हणतात. मुट्टप्पदी त्यांपैकी एक. बाकीची चार स्वामीतोप्पू, अंबलप्पदी, तामरैकुळम पदी आणि पूप्पदी. ‘पदी’ म्हणजे राहण्याचे ठिकाण. गावोगावच्या लहान प्रार्थनास्थळांना ‘निळल तांगल’ (सावलीतला विसावा) असे वेगळे नाव आहे. पदीचा मान त्यांना नाही. ‘अय्या’ म्हणजे बाप, ‘वळी’ म्हणजे वाट. तेव्हा धर्माचे नावच ‘बापाची वाट’. जनगणनेत अनुयायांची गणना हिंदूंमध्ये होते. आपला धर्म स्वतंत्र आहे, असे त्यांच्यातील अनेकांचे म्हणणे आहे.

पदीचे महत्त्व समजण्यासाठी या धर्माचे प्रवर्तक अय्या वैकुंडर यांचे चरित्र थोडे पाहावे लागते. त्यांचा जन्म 1809च्या सुमारास शास्तांकोविल विळै (आजचे स्वामीतोप्पू) येथे, ताडाच्या झाडांवर पोट भरणाऱ्या नाडार जातीत झाला. आईबापांनी ‘मुडिसूडुम पेरुमाळ’, म्हणजे मुकुटधारी विष्णू, असे नाव ठेवले. नाडाराच्या पोराला हे नाव वरच्या जातींना खपले नाही आणि ते बदलून ‘मुत्तुकुट्टी’ करावे लागले. 24व्या वर्षी आजारी अवस्थेत त्यांना तिरुचेंदूरला नेले. तेथे ते समुद्रात शिरले आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आले, ते नारायणाचा पुत्र वैकुंडर म्हणून, अशी श्रद्धा आहे. कोल्लम शकाच्या 1008मधील मासी महिन्याची ती 20 तारीख, म्हणजे मार्च 1833. समुद्रात नारायणाने केलेल्या उपदेशाला ‘विंचै’ म्हणतात. हा तमिळ शब्द संस्कृत ‘विद्या’वरून आला आहे.

पहिली विंचै तिरुचेंदूरची, दुसरी आणि तिसरी मुट्टप्पदीची. दुसरीनंतर वैकुंडरांना तुरुंगवास घडला, तिसरी सुटकेनंतरची. त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्या आज्ञेने त्यांना पकडून तिरुवनंतपुरमजवळ सिंगारत्तोप्पू येथे ठेवले होते. परंपरा हा काळ सुमारे 110 दिवसांचा सांगते. स्वाती तिरुनाळ मराठी वाचकाला ठाऊक असतात ते कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार म्हणून. अय्यावळींच्या धर्मग्रंथात त्रावणकोरचा राजा ‘कलिनीसन’, म्हणजे कलीचा नीच, आहे आणि इंग्रज ‘वेन्नीसन’, गोरा नीच. हा ग्रंथ ‘अकिलत्तिरट्टु अम्मानै’. वैकुंडरांचे शिष्य हरिगोपालन सीडर यांनी तो 1841मध्ये लिहिला, छापला गेला मात्र 1939मध्ये.

विंचै ही श्रद्धेची बाब. मुट्टप्पदीशी जोडलेली दुसरी घटना समाजेतिहासातली आहे. तिचे नाव ‘तुवयल तवसु’, शब्दशः धुण्याचे तप. वैकुंडरांच्या सांगण्यावरून 700 कुटुंबे घरदार सोडून समुद्रकाठी येऊन राहिली. तपाचा पहिला टप्पा पंचपदींबाहेरच्या वाकैप्पदीला झाला, दुसरा मुट्टप्पदीला. दिवसातून तीन वेळा समुद्रस्नान, तीन वेळा कपडे धुणे, एकवेळ शाकाहारी जेवण आणि प्रार्थना असा नेम होता. व्रत म्हणून धुणे धुवायला लावणारा गुरू विरळाच. पण ही माणसे कोण होती, हे लक्षात घेतले की त्यातली धार कळते. त्या काळी त्रावणकोरात नाडारांना छत्री धरायची, पायताण घालायची बंदी होती. बाईने छाती झाकली तर गुन्हा, पाण्याची घागर कमरेवर घेतली तरी गुन्हा. ती डोक्यावरूनच न्यायची. सार्वजनिक विहिरीवर पाय ठेवायची सोय नव्हती. अशांना समुद्राचे पाणी तेवढे कोणाला न विचारता मिळत होते. बायकांना छाती झाकण्याची मुभा देणारी राजाज्ञा निघायला पुढे 1859 साल उजाडले. वैकुंडर 1851मध्येच निवर्तले होते. नागरकोविल भागात काम करणाऱ्या लंडन मिशनरी सोसायटीच्या अहवालांतही वैकुंडरांच्या अनुयायांचे उल्लेख येतात. त्यांचा सूर नाराजीचा आहे, कारण ज्या वस्त्यांमधून ख्रिस्ती व्हायला माणसे येतील अशी मिशनची आशा होती, त्याच वस्त्या या नव्या वाटेला लागत होत्या.

पदीच्या गाभाऱ्याला ‘पळ्ळियरै’ म्हणतात. शब्दाचा अर्थ शेजघर. आत मूर्ती नसते. भिंतीशी मोठा आरसा आणि त्याच्या दोन बाजूंना दिवे. दर्शनाला आलेल्याला दिव्यांच्या मधोमध दिसतो तो स्वतःच. पुरुष अंगरखा काढतात, पण डोक्याला मुंडासे बांधूनच आत जातात. इतर देवळांतून देवापुढे डोके उघडे करण्याची रीत पाहिलेल्याला हे उलटे वाटते. मुंडासे हा इथे मुकुट आहे, आणि ‘मुकुटधारी’ हे नाव कोणाचे हिरावले गेले होते ते वर आलेच आहे. कपाळावर दोन भुवयांच्या मध्यापासून वर केसांपर्यंत पांढऱ्या मातीचा, ज्योतीच्या आकाराचा नाम ओढतात. तो जातीवरून कोणाला नाकारत नाहीत. भक्त एकमेकांना भेटले की ‘अय्या उंडु’, म्हणजे ‘अय्या आहेत’, असे म्हणतात.

वर्षाचा मोठा दिवस म्हणजे तमिळ पंगुनी महिन्यातला (मार्च-एप्रिल) दुसरा रविवार. त्या दिवशी स्वामीतोप्पूहून भक्तांची मिरवणूक मुट्टप्पदीला येते. डोक्यांना मुंडाशी, हातांत भगव्या पताका. वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अगदी परके वाटणार नाही. कन्याकुमारीला येणारे मराठी प्रवासी सहसा एकनाथजी रानडे यांच्या खटपटीतून उभे राहिलेले विवेकानंद शिलास्मारक पाहून, सूर्यास्त गाठून परततात. मुट्टप्पदी त्यांच्या यादीत क्वचितच असते. कन्याकुमारीहून ती जवळच आहे. आत जाणाऱ्या पुरुषाने मुंडाशासाठी एखादे उपरणे जवळ ठेवावे.